नागपुरात पावसाळ्यात दिसणारा पिवळा बेडूक परदेशी असतो का? देशी-परदेशी बेडूक कसे ओळखायचे, आणि परदेशी निघाला तर मारावा का?

पिवळा बेडूक आपलाच आहे, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. ‘मारावा का’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेसा भागात माझ्या मोठ्या बहिणीचं घर आहे. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पायव्यासाठी खोदलेला खड्डा होता. मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला आणि रात्रभर तिथून ड्रांव ड्रांव सुरू झालं. सकाळी भाचीला घेऊन गेलो, तर हळद फासल्यासारखे वीसेक नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. भाची काठावरून हलेना. हा रंग फक्त विणीपुरता, मादी शेवाळीच राहते, काही दिवसांत नरही तसेच होतात, असं मी तिला सांगत होतो.

दुपारी भाऊजींच्या फोनवर मेसेज आला, ऑस्ट्रेलियात धुमाकूळ घालणारा विषारी बेडूक भारतात शिरला म्हणून. भाऊजी माझ्यावरच तापले, “तू काय पोरीला विषारी जनावर दाखवून राहिला?” मी कामाला सीताबर्डीला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो, तोवर त्यांनी फिनेलचा अख्खा कॅन खड्ड्यात ओतला होता. सगळे पोटं वर करून तरंगत होते. भाचीनं मोजले. सतरा.

मेसेजमधला तो केन टोड. उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून 1935 साली हवाईहून क्वीन्सलँडला नेला आणि तिथे पसरला. तो मातकट, खरबरीत असतो, डोळ्यांमागून खांद्यावर उतरणाऱ्या मोठ्या विषग्रंथी असतात. भारतात त्याची वस्ती नाही. खड्ड्यातल्या बेडकांच्या पाठीवर लांबट घड्या होत्या आणि विषग्रंथी नव्हत्याच. वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं.

आणि ‘परदेशी’ हे बेडकाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. हाच पिवळा बेडूक अंदमानात खरोखर आक्रमक ठरलाय. मत्स्यबीजाबरोबर तिथे पोचला, आणि त्याचे टॅडपोल तिथल्या बेडकांचे टॅडपोल खातात. आपल्या अंगणातला खरबरीत भेक, म्हणजे आपला देशी टोड, 2014 साली मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ सापडला, तेव्हापासून तिथले अभ्यासक सापांच्या काळजीत आहेत, कारण त्या सापांना भेकाचं विष सोसत नाही. आपल्याकडची नानेटी तोच भेक सहज गिळते. म्हणून आधी ‘कुठे दिसला’ हे विचारायचं, रंग नंतर.

नागपुरातले बाकीचे लक्षात ठेवायला सोपे आहेत. कूलरच्या टाकीत किंवा बाथरूमच्या भिंतीवर चिकटलेला, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला, तो झाडबेडूक. पाण्याच्या कडेला साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला तर त्यात त्याची अंडी असतात, खरडून टाकू नका. तळ्याच्या पाण्यावरून टप्पे घेत पळणारा छोटा वेगळा, मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरणारा गोलमटोल वेगळा. दिव्याखाली किडे टिपत बसणारा, अंगभर काळ्या टोकांचे फोड असलेला, तो भेक. हे सगळे देशी.

एक सांगायचं राहिलं. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींमध्ये पांढरा चीक असतो. कुत्र्यानं भेक तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो, तेव्हा तोंड पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरकडे न्या. बेडूक हाताळला तर हात धुवा. आणि अगदी छोटे बेडूक फोटोवरून मलाही नेहमी ओळखता येत नाहीत, त्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला बरा.

भाऊजी अजून म्हणतात, खात्री नव्हती म्हणून मारले. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खात्री नसेल तर थांबायचं असतं. ते स्वतः काटोलकडच्या खेड्यातले. लहानपणी ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरताना कडुनिंबाच्या डहाळीला मोठा शेवाळी बेडूक बांधायचो, हे मला त्यांनीच सांगितलेलं. खड्ड्यातल्या नरांचा रंग उतरेपर्यंत थांबले असते, तर त्यांना तो ओळखू आला असता.