‘वाइड रिसीव्हर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणाऱ्या एका मुलाने शाळेसाठी जेरी राइस या अमेरिकन फुटबॉलपटूवर निबंध लिहिला. साताऱ्याच्या आजीला तो वाचता यावा म्हणून त्याची मावशी तो मराठीत उतरवते आहे. भाषांतराच्या यंत्राने ‘वाइड रिसीव्हर’चं ‘रुंद प्राप्तकर्ता’ करून दिलं आणि आजीने विचारलं, “रुंद म्हणजे, अंगाने आडवा आहे का गं तो?” मावशींना योग्य शब्द हवा आहे.

बातमी किंवा लेख असेल तर ‘वाइड रिसीव्हर’ असंच लिहावं. आजीसाठी लिहायचं असेल तर मी ‘कडेचा झेलकरी’ म्हणेन. ‘झेलकरी’ कोशात सापडणार नाही, तो मी टाळकरी, पहारेकरी, भालेकरी यांच्या चालीवर घडवला आहे. मात्र ‘झेल’ हीच धातू का धरली, याला कारण आहे, आणि ते राइसच्या आयुष्यातूनच मिळतं.

आधी ‘वाइड’. हा शब्द आपल्याला क्रिकेटने कधीचाच शिकवला आहे. चेंडू वाइड गेला म्हणजे तो फलंदाजापासून लांब, बाजूने गेला. त्याला ‘रुंद चेंडू’ कुणीच म्हणत नाही. इथेही तोच अर्थ आहे. अमेरिकन फुटबॉलचं मैदान सुमारे ४९ मीटर रुंद असतं. डाव सुरू होताना चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेवर आक्रमण करणाऱ्या संघाच्या ११ पैकी किमान ७ जणांना उभं राहावं लागतं. मधले धिप्पाड गडी एकमेकांना खेटून उभे असतात. या गर्दीपासून दूर, मैदानाच्या कडेकडे जो उभा राहतो तो ‘वाइड’. म्हणजे हे विशेषण माणसाच्या अंगाचं नसून त्याच्या उभं राहण्याच्या जागेचं आहे. राइस तर सडपातळच होता.

याच खेळात ‘टाइट एंड’ नावाची जागा आहे. तो मधल्या गड्यांना लगटून उभा राहतो, म्हणून टाइट. यंत्र त्याचं ‘घट्ट टोक’ करतं. वाइड आणि टाइट ही जोडी एकत्र पाहिली की दोन्ही शब्द उलगडतात: एक कडेचा, एक लगतचा.

जुन्या काळी ‘वाइड रिसीव्हर’ हा शब्दच रूढ नव्हता. रेषेच्या दोन टोकांना उभे राहणारे ते ‘एंड’. चेंडू पुढे फेकायला नियमांनी परवानगी दिली ती १९०६ साली. त्याआधी तो फक्त हातात घेऊन पळायचा, बाजूला किंवा मागे द्यायचा, नाहीतर लाथेने उडवायचा. १९३५ ते १९४५ या काळात ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेल्या डॉन हटसनने या जागेला आजचं रूप दिलं असं मानतात. त्याने झेल घेऊन केलेले ९९ टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपार नेणं म्हणजे टचडाउन) हा विक्रम १९८९ पर्यंत टिकला. पण त्याची नोंद ‘एंड’ अशीच आहे. पुढे रेषेपासून सुटा उभा राहणारा ‘स्प्लिट एंड’ आणि रेषेच्या किंचित मागे, बाजूला राहणारा ‘फ्लँकर’ अशी नावं आली, आणि आता या साऱ्यांना मिळून ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात. ‘फ्लँकर’ला तर मराठीत आयतं स्थान आहे. सैन्याची ‘बगल’ आपण म्हणतोच, आणि ‘बगल देणे’ हा वाक्प्रचार या खेळाडूच्या रोजच्या कामाचं नेमकं वर्णन करतो. समोरच्या रक्षकाला एका बाजूला जातोय असं भासवून दुसऱ्या बाजूला निसटणं, म्हणजे त्याला बगल देणं.

आता ‘रिसीव्हर’. हा इंग्रजी शब्द मराठी माणसाला परका नाही, पण आपण त्याला भलत्याच ठिकाणी भेटलो आहोत. एके काळी फोनचा रिसीव्हर उचलायचो. मुंबईत वादातली मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळणारा कोर्ट रिसीव्हर असतो. ‘प्राप्तकर्ता’ हा शब्द टपाल, अनुदान, पुरस्कार यांतला. त्यात माणूस बसलेला असतो आणि वस्तू त्याच्यापर्यंत चालत येते. ‘स्वीकारणे’मध्ये सभामंचाचा वास आहे, आणि ‘ग्राहक’ तर दुकानात गेला तो परत आलाच नाही. या एकाही शब्दात धाव नाही. आणि रिसीव्हरचं काम म्हणजे पूर्ण वेगात पळताना, कित्येकदा पाठीमागून येणारा चेंडू, अंगावर धावून येणारा रक्षक डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत असताना, हवेतल्या हवेत घेणं.

याला मराठीत एकच अस्सल क्रियापद आहे: झेलणे. पकडणे चोराचंही होतं, धरणे हाताचंही होतं. झेलण्यात मात्र वस्तू वरून किंवा लांबून यावी लागते आणि खाली पडण्याआधी घ्यावी लागते. फूल झेलतात, पावसाचे थेंब झेलतात, वडीलधाऱ्यांचा शब्द वरच्यावर झेलतात. आणि याच क्रियापदाची दुसरी बाजू म्हणजे वार झेलणे, संकट झेलणे, टीका झेलणे. अंगावर येणारा आघात न हटता सोसणं हेही झेलणंच. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द लागतात. मराठीत एकच धातू दोन्ही पेलते, आणि हा खेळाडू नेमका त्या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी करतो. चेंडू हातात येतो आणि त्याच घटकेला रक्षक अंगावर आदळतो. दोन्ही झेलले तरच तो झेल खरा. चेंडू हातातून निसटला की सगळं फुकट.

इथे एक हरकत येईल. झेल म्हटलं की मराठी वाचकाला क्रिकेट दिसतं, आणि तिथला झेल दोन बाबतींत अगदी उलटा आहे. एक तर क्रिकेटमध्ये झेल प्रतिपक्षाच्या फटक्याचा असतो, इथे आपल्याच गड्याने फेकलेल्या चेंडूचा. दुसरं म्हणजे क्रिकेटमध्ये झेल घेतला की फलंदाजाचा खेळ संपतो, इथे झेल घेतल्यावर पळण्याचा खेळ सुरू होतो. हरकत रास्त आहे आणि आजीला ती एका वाक्यात सांगावीच लागेल. पण आपल्या माणसाने फेकलेलं आपण झेलायचं, हा अर्थ मराठीत क्रिकेटच्या आधीपासून आहे. बांधकामावर पाहा. खालचा गडी वीट वर भिरकावतो, पराचीवरचा ती झेलतो आणि गवंड्याच्या हाताशी रचतो. ना फेकणारा थांबतो, ना झेलणारा.

हे उदाहरण मी शोधून आणलेलं नाही. जेरी राइसचे वडील गवंडी होते. राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२चा, मिसिसिपी राज्यातला. क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावात तो वाढला. उन्हाळ्यात मुलं वडिलांच्या हाताखाली कामाला जायची. भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी वर उभा राहून त्या झेलायचा. हातांची पकड आणि कामाची शिस्त तिथे घडली, असं त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणून त्याच्या बाबतीत ‘प्राप्तकर्ता’ वाचताना मला फार वाईट वाटतं. ज्या माणसाचं सारं आयुष्य ‘झेल’ या एका क्रियापदावर उभं आहे, त्याला आपण टपालखात्यात बसवतो आहोत.

पुढची वाटचाल निबंधात असेलच, पण शब्दांच्या निमित्ताने काही जागा बघू. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तो मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान विद्यापीठाकडून खेळला. व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९८५च्या त्या निवडीत सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने त्याला पहिल्या फेरीत, एकूण १६व्या क्रमांकावर घेतलं. प्रशिक्षक होते बिल वॉल्श. पहिल्या हंगामात राइसच्या हातून बरेच झेल सुटले आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मराठीत इथे ‘झेल सुटला’ आणि ‘झेल सोडला’ असे दोन पर्याय आहेत. पहिल्यात दोष चेंडूकडे झुकतो, दुसऱ्यात खेळाडूकडे. निबंधात कुठला वापरायचा हे भाच्याला विचारून ठरवा, कारण तो न्याय करणारा शब्द आहे. त्याच वर्षी डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध राइसने १० झेल घेऊन २४१ यार्ड कमावले, म्हणजे संघाला तेवढं अंतर पुढे नेलं, आणि त्यानंतर त्याच्या हातांबद्दल शंका उरली नाही.

‘यार्ड’वर थोडं थांबतो. यार्डाला मराठीत शब्द आहे: वार. नऊवारी, सहावारी यांतला वार तो हाच. राइसने पूर्ण कारकिर्दीत झेल घेऊन २२,८९५ यार्ड कमावले. म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटर, किंवा आजीच्या मापाने अडीच हजारांहून जास्त नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली तर होईल तेवढं अंतर. हे आजीला जरूर सांगा, आकडा लगेच डोळ्यांसमोर उभा राहील. पण वाक्यात मात्र ‘यार्ड’च ठेवा. ‘त्याने २१५ वार झेलले’ असं लिहिलंत तर त्याला कुणीतरी मारलं असं वाटेल. जानेवारी १९८९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, त्याने ११ झेलांत २१५ यार्ड कमावले, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धचा तो सामना २०-१६ असा जिंकला आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला.

दुसऱ्या अर्थाचे वार त्याने झेलले ते १९९७ साली. तोवरच्या १२ हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नव्हता. त्या वर्षीच्या पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेविरुद्ध गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. डिसेंबरात तो परतला, टचडाउन केला, आणि तो झेल घेऊन खाली पडतानाच त्याच पायाची वाटी फुटली. १९९८ला तो पुन्हा पूर्ण हंगाम खेळला. इथे ‘झेलणे’ लिहिताना हात अडखळणार नाही.

‘टचडाउन’ला मी पर्याय सुचवणार नाही. नाव जुन्या रग्बीतलं आहे. तिथे चेंडू जमिनीला टेकवावा लागतो, इथे तो अंतिम रेषेपार हातात असला की पुरे. त्यामुळे शब्दशः भाषांतर इंग्रजीपेक्षाही जास्त दिशाभूल करेल. ‘रूट’, म्हणजे रिसीव्हरने धावायची आधी ठरवलेली वाट, याला मात्र ‘वाट’ म्हणायला हरकत नाही. वॉल्श यांच्या पद्धतीत ही वाट पावलांनी मोजलेली असे. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटलेला असे. राइस सर्वांत वेगवान कधीच नव्हता. पण ठरलेल्या पावलावर, ठरलेल्या जागी तो असायचाच, म्हणून त्याच्याकडे चेंडू फेकणारे जो मोंटाना आणि पुढे स्टीव्ह यंग हे डोळे मिटून टाकावा तसा चेंडू टाकायचे. राइस हंगाम नसतानाही सॅन कार्लोसच्या टेकडीवरची सुमारे चार किलोमीटरची चढण धावून काढायचा. सनीव्हेलहून ती टेकडी फार लांब नाही, भाच्याला एकदा घेऊन जा.

शेवटी ‘करिअर’. निबंधात तो शब्द आहे, आणि इथे मी ‘कारकीर्द’चा ठाम आग्रह धरेन. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत राज्यकारभाराच्या काळासाठी रुळला: पेशव्यांची कारकीर्द, अमक्या राजाची कारकीर्द. ‘करिअर’मध्ये पुढे काय करायचं याची आखणी असते, ‘कारकीर्द’मध्ये केलेल्या कामाचा पूर्ण काळ असतो. राइसचे २० हंगाम, १९८५ ते २००४, त्यांतले १६ सॅन फ्रान्सिस्कोत आणि उरलेले ओकलंड व सिॲटलमध्ये. १,५४९ झेल, त्यांतून १९७ टचडाउन, आणि वयाची चाळिशी गाठली त्या हंगामातसुद्धा ९२ झेल. कारकिर्दीतले झेल, झेलांतून यार्ड आणि झेलांतून टचडाउन, या तिन्हींत त्याच्या पुढे कुणी नाही. हे राज्यच आहे.

तर निबंधाची सुरुवात अशी करून बघा: “जेरी राइस हा अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेचा झेलकरी. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, ठरलेल्या वाटेने धावायचं, आपल्या गड्याने फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा आणि तो घेऊन पुढे सुटायचं, हे त्याचं काम. लहानपणी तो वडिलांच्या कामावर विटा झेलायचा.”