वाचकांचे प्रश्न : टायमिंग बेल्ट घरी बदलावा का?

प्रश्न : माझी डिझेल डस्टर नऊ वर्षांची असून ती ५२,००० किलोमीटर चालली आहे. टायमिंग बेल्टचे वरचे कव्हर काढून पाहिले, तर बेल्टला कुठेही तडा दिसला नाही. तेल, फिल्टर आणि ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. हा बेल्टही सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये स्वतः बदलावा असे वाटते. गॅरेजवाले सोबत वॉटर पंपही बदलायला सांगतात. तो खरोखर आवश्यक आहे का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : बेल्ट आता बदलायलाच हवा, तडा दिसत नाही म्हणून तो पुढे ढकलू नये. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. बेल्टची झीज इंजिनाच्या फेऱ्यांवर आणि रबराच्या वयावर ठरते. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत गाडी तासभर जागेवर उभी राहिली, तर मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तरी क्रँकशाफ्ट ४८,००० वेळा फिरतो आणि किलोमीटरच्या आकड्यात काहीच भर पडत नाही. म्हणूनच बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी गाठली जाईल ती पाळायची असते. शिवाय बाहेरून रबर नीट दिसत असले तरी आतले काचतंतू थकलेले असू शकतात. आपल्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यामुळे चालत्या गाडीत बेल्ट तुटला किंवा त्याचे दात निघाले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते.

वॉटर पंपाबाबत गॅरेजवाल्यांचे म्हणणे योग्य आहे. या इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) खेळवणारा हा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. जुना पंप तसाच ठेवला आणि पुढे त्याचे बेअरिंग गेले किंवा तो गळू लागला, तर सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागते आणि कूलंटने भिजलेला नवा बेल्टही टाकून द्यावा लागतो. बेल्टला ताण देणारा टेन्शनरही त्याच वेळी बदलावा. सुटे भाग मात्र नावाजलेल्या कंपनीचे आणि पक्क्या बिलावरच घ्यावेत, कारण बनावट बेल्ट डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आता घरी करण्याविषयी. ब्रेक पॅड बदलताना चूक झाली, तर ती बहुधा लगेच लक्षात येते; इथे बेल्ट एक दात पुढे-मागे बसला, तरी सगळे बोल्ट व्यवस्थित आवळले जातात आणि कव्हरही नीट बसते. त्यामुळे क्रँक आणि कॅम नेमक्या जागी धरणाऱ्या टायमिंग पिना, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळण्याचा पाना) आणि या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल हाताशी नसेल, तर हे काम सुरूच करू नये. जुन्या बेल्टवर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून भागवण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते, पण पहिल्यांदा काम करणाऱ्याने तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

साधने असतील, तर इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काम सुरू करावे. उजव्या बाजूचा इंजिन माउंट (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) काढावा लागतो. त्याआधी सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्राखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार द्यावा आणि गाडी स्वतंत्र स्टँडवर उभी करावी. क्रँक पुलीचा (क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा) बोल्ट फार घट्ट असतो. तो सोडवताना क्रँक रोखण्यासाठी टायमिंग पिनेचा उपयोग कधीही करू नये, कारण ती पिन फक्त जागा दाखवण्यासाठी असते आणि त्या जोराने वाकते किंवा मोडते. नवा बेल्ट चढवून टेन्शनर मॅन्युअलप्रमाणे लावला, की पिना काढून क्रँक पान्याने, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून या टप्प्यावर दोन्ही पिना पुन्हा सहज आत गेल्या पाहिजेत. मध्येच कुठे अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता तिथेच थांबावे. ही तपासणी होण्याआधी स्टार्टर मारणे म्हणजे व्हॉल्व्ह पणाला लावणे होय.

काढलेले कूलंट पार्किंगच्या गटारात सोडू नये. ते चवीला गोडसर पण विषारी असते आणि सोसायटीतली मांजरे ते चाटतात.

आपल्याकडे पिना नसतील, तर काम गॅरेजमध्ये द्यावे, पण तिथे त्या वापरल्या जातात का, हे आधी विचारून घ्यावे. दोन फेऱ्यांची तपासणी आपल्यासमोर करून मागण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : जुनी गाडी घेत आहे. तिच्यात बेल्ट आहे की चेन, हे कसे समजेल?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : मालकाच्या पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात टायमिंग बेल्ट बदलण्याची नोंद असेल, तर बेल्ट आहे. काही इंजिनांत बेल्टचे तेच काम धातूची चेन करते. बेल्टवर बहुधा हलके प्लास्टिकचे कव्हर असते; चेन सहसा तेलात, धातूच्या बंद कव्हराआड असते. बेल्ट असेल आणि तो बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून त्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मागावा.