बिनभाड्याचं घर महिन्याला ८,२५० रुपयांना पडतं

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न : विमान कंपनीत ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून नुकतीच निवड झाली, बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण, बंगळूर. सुट्टीला निपाणीला येणार. हातात १,१०,००० रुपये येतील. पायलट प्रशिक्षणासाठी घेतलेल्या ४५ लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा (११ टक्के, १० वर्षं) हप्ता ६२,००० आहे. यलहंकाला वन बीएचके मिळतोय, भाडं १८,०००, मेंटेनन्स २,०००, अॅडव्हान्स (अनामत) दीड लाख. देवनहळ्ळीजवळ पायलटांच्या क्रॅशपॅडमध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या फ्लॅटमध्ये) स्वतःचा ठरलेला बेड ९,५०० ला किंवा फिरता बेड ६,५०० ला आहे. वडील म्हणतात, एफडीतले ९ लाख घे आणि दोन वर्षांच्या लीजवर फ्लॅट घे, म्हणजे भाड्याची कटकट नको. काय करावं?

सल्ला : सहा महिन्यांसाठी क्रॅशपॅडमधला ठरलेला बेड घ्या. लीजला मात्र स्पष्ट नाही म्हणा.

आधी लीजबद्दल बोलतो, कारण वडिलांचं मन तिथे आहे आणि धोकाही तिथेच आहे. अशी लीज, म्हणजे भोग्याला घर घेणं, कर्नाटकात सगळ्यांच्या ओळखीचं. एकरकमी पैसे द्यायचे, बिनभाड्यानं राहायचं, सोडताना रक्कम परत घ्यायची. ऐकायला फुकट वाटतं. पण तेच ९ लाख तुमच्या कर्जात भरले तर ११ टक्क्यांनी वर्षाचं ९९,००० रुपये व्याज वाचतं, म्हणजे महिन्याला ८,२५०. हेच त्या फ्लॅटचं खरं भाडं. तुमच्या ठरलेल्या बेडपेक्षा ते फक्त १,२५० रुपयांनी कमी आहे आणि त्यासाठी ९ लाख परक्याच्या हाती द्यायचे.

मालकाने तो फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला असेल आणि हप्ते थकवले, तर बँक ताबा घ्यायला येते. लीजवाल्याचे पैसे मग मालकाच्या मागे लागून वसूल करायचे. ईसी (मालमत्तेवरच्या बोजांचा दाखला) काढली तरी प्रत्येक बोजा तिच्यात दिसतोच असं नाही, म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यांनी बघावं लागतं. झेरॉक्स दाखवून ‘मूळ कागद लॉकरमध्ये आहेत’ म्हणणारा मालक असेल तर तिथूनच परत फिरा. एक वर्षाच्या वरचा लीज करार नोंदणीकृत असावा लागतो. बरेच मालक ११ महिन्यांच्या कागदावरच भागवतात. शिवाय कंपनीने वर्षभरात बेस बदलला तर ९ लाख मिळेपर्यंत तुम्ही अडकलात.

आता वन बीएचके. भाडं आणि मेंटेनन्स २०,०००, विजेचे साधारण ८००, आणि अडकलेल्या दीड लाखावरचं महिन्याचं व्याज ११ टक्क्यांनी १,३७५. एकूण २२,१७५. लेओव्हरच्या, म्हणजे ड्युटीवर दुसऱ्या शहरात मुक्कामाच्या, रात्री कंपनीच्या हॉटेलात जातात, सुट्ट्या निपाणीत, म्हणजे बेसवर महिन्याला १५ रात्री धरू. एका रात्रीचे १,४७८ रुपये झाले. ठरलेल्या बेडला हाच आकडा ६३३, फिरत्याला ४३३. रोज लॉजवर राहायचं म्हटलं तर १,५०० च्या खोलीच्या सात रात्रींतच बेडचं महिन्याचं भाडं वसूल होतं.

मग फिरता बेड का नको? फिरत्या बेडमध्ये जो रिकामा असेल त्यावर झोपायचं, चादर-उशी आपली. सहा बेडांवर बारा जणांची नावं असली तरी एरवी चालून जातं, कारण निम्मे हवेत किंवा बाहेरगावी असतात. धुक्यानं किंवा पावसानं उड्डाणं रद्द झाली की सगळे एकाच रात्री परत येतात आणि नवा माणूस सोफ्यावर जातो. तुम्हाला पहाटे तीनला कंपनीच्या गाडीचा पिकअप असेल तर संध्याकाळी सातला झोपावं लागणार. लाइन ट्रेनिंगच्या (प्रवासी विमानावरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या) काळात अर्धवट झोपेनं कॉकपिटमध्ये बसणं ३,००० रुपयांच्या बचतीला परवडणारं नाही.

बेड बघायला दिवसा जाऊ नका, रात्री आठनंतर जा. पडदे जाड आहेत का, इन्व्हर्टर आहे का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे घेतात का, किती जणांकडे किल्ली आहे, हे विचारा. खालचा बेड मागा. फ्लॅट चालवणारा बहुधा स्वतःच भाडेकरू असतो. पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची लेखी परवानगी नसेल तर एका दिवसात सगळ्यांना बाहेर पडावं लागू शकतं. अॅडव्हान्स एका महिन्याचा, नोटीसही एका महिन्याची, लॉक-इन (ठरावीक काळ सोडता न येण्याची अट) नको. पैसे देण्याआधी तो पत्ता कंपनीच्या ट्रान्सपोर्ट विभागाला ईमेलने पाठवा आणि पिकअपच्या हद्दीत येतो का, हे लेखी घ्या. हद्दीबाहेर असेल तर रात्रीच्या टॅक्सीत सगळी बचत जाईल.

निपाणीच्या फेऱ्या मोजून करा. १ जुलै २०२५ पासून वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची आहे, दोन रात्री धरून. दोन्ही रात्री हायवेवरच्या स्लीपरमध्ये काढल्या तर ती विश्रांती कागदावरच राहते. जोडून सुट्ट्या मिळतील तेव्हाच घरी या. सांबरा (बेळगाव विमानतळ) किंवा कोल्हापूरहून स्टाफ तिकिटावर येणार असाल तर जागा उरली तरच मिळते, हे लक्षात ठेवा. ड्युटीच्या आदल्या दिवशीच परता, तेही शेवटच्या विमानाच्या भरवशावर नको.

हप्ता आणि बेड जाऊन तुमच्याकडे ३८,५०० उरतात. जेवण आणि प्रवासाला १४,००० धरले तरी २४,००० वर शिल्लक. वडिलांच्या ९ लाखांपैकी ३,७२,००० म्हणजे सहा हप्त्यांची रक्कम त्यांच्याच एफडीत राहू द्या. क्लास वन मेडिकलमध्ये (वैमानिकांच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीत) तात्पुरते अनफिट ठरलात तर ती लागेल, आणि लायसन्स गमावल्याचा विमाही पहिल्या पगारातच घ्या. उरलेले पैसे कर्जात भरायचे का, हे वडिलांनी ठरवावं. ती त्यांची म्हातारपणाची पुंजी आहे. भरले तर त्यांचं बुडालेलं एफडीचं व्याज त्यांना दरमहा द्या.

कर्ज तुमच्या नावावर असेल तर आणखी एक. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आणि घरभाड्याची सूट, दोन्ही जुन्या करपद्धतीतच मिळतात. व्याजाला वरची मर्यादा नाही आणि तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेपाच लाखांच्या वर आहे. दोन्ही पद्धतींनी हिशेब करा, मगच कंपनीला कळवा. भाड्याची पावती दरमहा घ्या.

सहा महिन्यांनी रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) काढून बेसवरच्या रात्री मोजा. महिन्याला वीसच्या पुढे जात असतील आणि एखादा सहकारी निम्मं भाडं द्यायला तयार असेल, तर यलहंकाच्या फ्लॅटचा विचार तेव्हा करा.