साल नसलेले पुस्तक ‘अप्रकाशित’ नसते

नागपूरच्या एका एम. ए.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘लघुप्रबंधासाठी भजनांची एक जुनी पुस्तिका वापरते आहे. तिच्यावर छापखान्याचे नाव आहे, पत्ता “महाल, नागपूर (म. प्र.)” असा आहे, किंमत सहा आणे. साल कुठेच नाही. संदर्भसूचीत “अप्रकाशित” लिहू, “वर्ष अज्ञात” लिहू की जागा कोरी ठेवू?’

‘अप्रकाशित’ तर मुळीच नको. तो शब्द हस्तलिखिताचा, टंकलिखित प्रबंधाचा, घरातल्या वहीचा. सहा आणे घेऊन विकलेली पुस्तिका अप्रकाशित कशी? कोरी जागा पाहून परीक्षकाला वाटेल, तुमच्याच हातून राहिले. ‘अज्ञात’ अगदी चूक नाही, पण त्यात ‘शोधूनही कळले नाही’ असा सूर आहे. तुम्हाला म्हणायचे आहे एवढेच, की पुस्तिकेवर साल छापलेले नाही. म्हणून ‘प्रकाशनवर्ष नमूद नाही’. वारंवार लागणार असेल तर ‘व. ना.’ करा आणि संक्षेपसूचीत त्याची फोड द्या.

छापखाना आहे पण साल नाही, यात नवल नाही. १८६७च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक, प्रकाशक आणि त्यांची ठिकाणे छापणे बंधनकारक केले. त्या कलमात सालाचा उल्लेख नव्हता. प्रकाशक सापडत नसेल तर छापखाना ‘मुद्रक’ म्हणूनच द्या, प्रकाशकाच्या जागी सरकवू नका.

आता तो ‘म. प्र.’. नागपूर २६ जानेवारी १९५० पासून ऑक्टोबर १९५६ अखेरपर्यंत मध्य प्रदेशात होते, तेही राजधानी म्हणून. किंमत आण्यांत आहे, म्हणजे एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी येण्याआधीची, तेही जुळते. पण थांबा. १९५० पूर्वी आपण ‘मध्यप्रांत व वऱ्हाडा’त होतो आणि ‘म. प्र.’ हे मध्यप्रांताचेही रूप असू शकते. मलपृष्ठावरच्या जाहिरातींत ‘मध्यप्रदेश’ पूर्ण छापले आहे का पाहा. असेल तर लिहा: [अंदाजे १९५०–५६]. कंस चौकोनीच हवा. आतला मजकूर पुस्तकाचा नसून तुमचा आहे, हे त्यावरून कळते.

प्रस्तावनेखाली शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानची तिथी असेल तर ७९. मात्र ते साल प्रस्तावनेचे; प्रकाशनवर्षाच्या जागी टाकायचे नाही, ‘प्रस्तावना १९५३’ असे स्वतंत्र लिहायचे.