पक्षाघातात (स्ट्रोकमध्ये) मेंदूच्या स्कॅनवर एवढासा डाग, मग अख्खा हात-पाय लुळा कसा पडतो?

डाग म्हणजे रक्त न मिळाल्याने निकामी झालेला मेंदूचा भाग. तो केवढा यापेक्षा कुठे पडला हे महत्त्वाचं. मेंदूत खोलवर 'इंटर्नल कॅप्सूल' नावाची चिंचोळी पट्टी असते. चेहरा, हात, पाय हलवणारे तंतू तिथून दाटीवाटीने खाली उतरतात. तिथे १.५ सेंटीमीटरहून लहान डागही विरुद्ध बाजूचं अंग लुळं करू शकतो. कधी ताकद बरीचशी टिकते, पण शर्टाचं बटण काजात जात नाही, पेला धरायला गेलेला हात भलतीकडेच वळतो; तेव्हा हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूशी जोडणारे तंतू दुखावलेले असतात. शिवाय रक्तपुरवठा शाबूत असलेला दूरचा भागही मंदावतो, कारण त्याला येणारे संदेशच थांबतात. मेंदूतज्ज्ञ मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये याला 'डायस्किसिस' म्हटलं. हे मंदावणं पुष्कळदा हळूहळू ओसरतं, म्हणून फिजिओथेरपी कृपा करून मध्येच सोडू नका.