‘बाबाही असेच होते’ म्हणून थांबू नका

ताई, तुमची मुलगी चौथीत, तोंडी सगळं धडाधड सांगते, पण लिहायला बसवलं की रडते, आणि सासूबाई म्हणतात, ‘तिचे बाबाही असेच होते, जरा कडक व्हा’. हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरी अगदी हेच चाललं होतं.

आपल्याकडे अभ्यास येत नाही म्हणजे मेहनत कमी पडली, एवढंच लोकांना पटतं. म्हणून आधी शिकवणी, मग आणखी एक शिकवणी, मग खेळ बंद. ‘बाबाही असेच होते’ हे सगळे धीर द्यायला म्हणतात. पण डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडखळणं, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, त्यामुळे तपासणीला गेल्यावर हेच आधी सांगा.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान एका तपासणी केंद्रानं केलं. मुलगा मराठी माध्यमाचा, त्याला वाचायला दिला इंग्रजी उतारा! त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत एकाच पानावर ‘प्राथना’, ‘पार्थना’, ‘प्रर्थाना’ असं लिहिलेलं होतं. ती वही मी टेबलावर उघडून ठेवली, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. निष्कर्ष काय, तर इंग्रजी कच्चं आहे, घरी बसवून अभ्यास घ्या. झालं. घरातल्या मोठ्यांना हेच ऐकायचं होतं, आता तर ते कागदावर आलं. पुढे पाचवी-सहावी पोरानं नुसती बोलणी खाल्ली. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून वेळ घेतानाच विचारा, तपासणी शाळेच्या माध्यमाच्या भाषेत होणार ना? जुन्या वह्या न्या. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. मी डॉक्टर नाही, निदान तज्ज्ञांनीच करायचं.

निदान झाल्यावर दिव्यांग प्रमाणपत्राचं नाव काढलं की घरात वादळ होईल, तयारी ठेवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, त्यामुळे ‘दिव्यांग’ म्हटलं की ‘मुलीची जात, उद्या लग्नाचं काय’ सुरू होतं. कागद कुणाला दाखवायचा ते तुमच्या हातात असतं. पण दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्याच्याच आधारे मिळतात. शाळेला नववीतच सांगून ठेवा, ऐन फॉर्म भरताना धावपळ नको.

आणि माझं स्पष्ट मत, एक तरी शिकवणी बंद करा आणि त्या वेळात अशा मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका शोधा. जमलं तर सासूबाईंना एकदा तिथे सोबत न्या. आमच्या आईंना मी सांगून पटलं नव्हतं, बाईंनी नातवाला समोर बसवून वाचून घेतलं तेव्हा पटलं.