नवीन गोळी नकोशी वाटते, हे डॉक्टरांना सांगावं का?

तुम्ही विचारलंय की डायबिटीसची नवीन गोळी घ्यायची भीती वाटते, पण तसं बोललं तर डॉक्टरांना वाटेल आपण त्यांच्यावर शंका घेतोय. माझं ऐका, सांगाच. फक्त सांगायच्या आधी मनानेच बंद करू नका, मी तेच केलं होतं.

मला टाइप २ डायबिटीस होऊन १४ वर्षं झाली. मधे ग्लिमेपिराइड ही साखर कमी करायची गोळी चालू होती, ती घेतली आणि जेवायला उशीर झाला की हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा, एकदा तर गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मी काय करायला लागलो, तर ज्या दिवशी लांब जायचंय त्या दिवशी गोळीच घ्यायची नाही. डॉक्टरांना अवाक्षर नाही. पुढचं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट, वाढलेलं आलं, त्यांना वाटलं डोस कमी पडतोय, त्यांनी वाढवला, आणि ज्या दिवशी घ्यायचो त्या दिवशी साखर आणखीच खाली जायला लागली. त्यात त्यांची काय चूक? मी गोळ्या चुकवतो हे रिपोर्टमधे दिसत नाही ना.

शेवटी बायकोनेच सगळं सांगून टाकलं. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, जेवायच्या वेळा काय, गाडी किती तास चालवता. मग दोन पर्याय ठेवले. एक, जिच्यामुळे साखर लघवीवाटे बाहेर जाते, हार्ट आणि किडनीला चांगली पण लघवीला जास्त जावं लागतं. दुसरी सिटाग्लिप्टिन, साखर जरा कमीच उतरवते पण नुसती तीच घेतली तर एकदम खाली जायची भीती फार कमी. माझे किडनीचे रिपोर्ट चांगले, हार्टचा त्रास नाही, आणि मी दिवसभर रस्त्यावर, म्हणून दुसरी घेतली. औषधांची माहिती त्यांच्याकडे होती, माझ्या दिवसाची माझ्याकडे, आणि ठरवायला दोन्ही लागल्या.

टार्गेटबद्दलही, म्हणजे एचबीए१सी कितीपर्यंत आणायचं तेही, विचारा हां. सगळ्यांना एकच आकडा नसतो. अमेरिका-कॅनडात अकॉर्ड नावाची १०,२५१ पेशंटची मोठी ट्रायल झाली, त्यात एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मधे तो भाग मधेच थांबवावा लागला. त्यामुळे वय, बाकीचे आजार, साखर खाली जायचा धोका हे बघूनच ठरवतात.

काहींना वाटतं डॉक्टरच ठरवू देत, तेही चालतं, पण मग तसं त्यांना स्पष्ट बोला.

जाताना भीती नेमकी कशाची ते एका ओळीत लिहून न्या, नाहीतर समोर बसल्यावर सुचत नाही. विचारा, ही नाही घेतली तर काय होईल, दुसरं काय आहे, आणि उपयोग होतोय की नाही हे कधी कळेल. आणि उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत ठेवा, किती चुकवल्या ते तोंडाने सांगायला जड जात असेल तर ती नुसती टेबलावर ठेवली तरी पुरे.